पुन्हा खुंट्याला हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या माजलगावात भीमनगर नावाची वस्ती आहे. १९९६ साली पुण्याची काही मंडळी ध्वनिमुद्रणाचे साहित्य घेऊन तिथे आली आणि वस्तीतल्या बायकांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी टिपून घेतल्या. बाबासाहेबांच्या, रमाईच्या, बुद्धाच्या ओव्या. त्या वर्षी मी पुण्यात होतो, एका कंपनीत कोबोल भाषेत प्रोग्रॅम लिहीत होतो. पुण्याची माणसे माझ्या गावात आणि मी त्यांच्या गावात, असा तो प्रकार. त्या ओव्या मी प्रथम ऐकल्या त्या एकवीस वर्षांनी, मोबाइलवर. भीमनगर आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. या दहा मिनिटांच्या वाटेने मी लहानपणापासून किती वेळा गेलो असेन, पण तिथल्या बायका काय गातात हे मला जगाला वळसा घालून आलेल्या आवाजातून कळले. याची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच पुढचे सगळे घडले.

आज मला बोलायचे आहे ते संगणकाच्या आज्ञावलीबद्दल, तिच्या मालकीबद्दल आणि एकदा सोडलेल्या विद्येकडे परत येण्याबद्दल. ओव्या त्यात का येतात, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

संगणक आले तेव्हा आज्ञावली विकण्याची वस्तू नव्हती. यंत्र लाखो डॉलर्सचे. त्याला कामाला लावणारी आज्ञावली ही यंत्राबरोबर मिळणारी गोष्ट. १९५५ साली अमेरिकेत आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचा गट काढला. एकाने लिहिलेले दुसऱ्याने घ्यायचे, सुधारायचे आणि पुन्हा सर्वांना द्यायचे, हा त्याचा व्यवहार. शेजारणीकडून विरजण आणावे इतके ते साधे होते. १९६९ साली आयबीएमने यंत्राची आणि आज्ञावलीची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघडे पत्र लिहून, आमची आज्ञावली फुकट वापरता ही चोरी आहे, असे सुनावले. त्यांच्या बाजूनेही न्याय होताच. रात्री जागून लिहिणाऱ्याला पोट असते. पण या दहा-बारा वर्षांत एक दार बंद झाले. आज्ञावली आता कुलूपबंद पेटीतून येऊ लागली. तिचा वापर करा, आत डोकावू नका.

हे कुलूप ज्याला सर्वाधिक खुपले तो माणूस म्हणजे रिचर्ड स्टॉलमन. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा छपाई यंत्रसंच आला होता आणि त्याचा कागद वारंवार अडकत असे. जुन्या यंत्राची आज्ञावली हाताशी होती, म्हणून कागद अडकला की सर्वांना सूचना जाईल अशी सोय स्टॉलमन यांनी पूर्वी करून घेतली होती. नव्या यंत्राची आज्ञावली मागितली, तर ती ज्याच्याकडे होती त्या संशोधकाने देण्यास नकार दिला, कारण त्याने गुप्ततेचा करार केलेला होता. अडकलेल्या कागदावरून एखादी चळवळ उभी राहावी हे ऐकायला गमतीचे वाटते; पण आपल्याकडेही मोठमोठी भांडणे बांधाच्या वीतभर जागेवरूनच सुरू होतात. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली त्याचा परवाना पुढे आला. आज्ञावली वापरा, वाचा, बदला, वाटा. फक्त बदललेली वाटाल तेव्हा तीही अशीच उघडी ठेवा, ही त्याची अट. कायद्याने घातलेले कुलूप त्यांनी कायद्यानेच काढले. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने हौस म्हणून सुरू केलेल्या कामाची वार्ता दिली. तेच पुढे लिनक्स झाले. १९९८ साली या साऱ्याला ‘ओपन सोर्स’ हे नाव मिळाले. नावावरून स्टॉलमन यांचे आणि इतरांचे बिनसले, त्यात आपण पडायला नको.

हा इतिहास घडत होता तेव्हा मी काय करीत होतो? ‘पिक नाइन नाइन’चे ‘पिक नाइन नाइन नाइन नाइन’ करीत होतो. ज्यांनी कोबोल पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या आज्ञावलीत वर्ष दोन आकड्यांत लिहीत, जागा वाचावी म्हणून. २००० साल आले की ‘९९’ नंतर ‘००’ येणार आणि यंत्राला ते १९०० वाटणार. म्हणून जगभरच्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या लाखो ओळी शोधून दोनाचे चार आकडे करण्याचे काम भारतात आले. मराठवाड्यातून पुण्याला गेलेली आमच्यासारखी कितीतरी पोरे त्या कामावर लागली. मी वाचलेली प्रत्येक ओळ दुसऱ्याची होती, आणि ती कुणाची हे सांगण्याची कुणाला परवानगी नव्हती. काम झाले, १ जानेवारी २००० उजाडले, जगात काहीही कोसळले नाही, आणि काही महिन्यांत आमची गरज संपली. वडिलांची तब्येत बरी नव्हती. मी माजलगावला परतलो आणि खते-बियाण्यांच्या दुकानात बसू लागलो. सात वर्षे मी जे लिहिले त्यातली एकही ओळ मला दाखवता येत नव्हती. सुतार निदान म्हणतो, ते दार मी केले.

दुकानात सतरा वर्षे गेली. सिंदफणेवरच्या धरणाने आमच्या भागात ऊस आणला, उसाने कारखाने आणले. तरीही आमच्या जिल्ह्यातली हजारो जोडपी दर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन परजिल्ह्यात तोडीला जातात, ते काही थांबले नाही. दुकानात हे सारे दिसत असे. संगणक होता तो बिलापुरता. त्या काळात दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन असे, त्यामुळे त्याच्यावर बहुधा फडकेच असायचे.

मग २०१७ साली त्या ओव्या ऐकल्या. ग्रामीण भारताचा दस्तऐवज करणाऱ्या ‘पारी’ने त्या इंटरनेटवर प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांच्यामागची कथा अशी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८०च्या दशकात मुळशीच्या डोंगरी गावांतून काम करताना बायकांच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले. हजारावर गावे, तीन हजारांवर बायका, एक लाखाहून अधिक ओव्या. विजेच्या गिरण्या आल्यावर जाते कोपऱ्यात गेले आणि जात्याबरोबर गाणेही जाणार, हे त्यांनी वेळेवर ओळखले. १९९०च्या दशकात बर्नार बेल हे फ्रेंच अभियंता त्यांना येऊन मिळाले. ध्वनिमुद्रण आणि संगणकावरची मांडणी यांत बेल यांचा मोठा वाटा. आमचे भीमनगर, परभणी जिल्ह्यातले ताडकळस अशी मराठवाड्यातली गावे त्या संग्रहात आली ती याच काळात.

हा बेल कोण, म्हणून मी शोधू लागलो, आणि थक्क झालो. हा तर आमच्याच जातीचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या जातीचा निघाला. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी त्यांची गाठ जिम किपेन या अभ्यासकाशी पडली. किपेन लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. तबल्यात ‘कायदा’ असतो: बोलांची एक रचना, आणि तिच्यातलेच बोल फिरवून केलेले पलटे. कोणता बोल कुठे चालतो आणि कुठे चालत नाही याचे नियम उस्तादांच्या हातात असतात. विचारले तर ते सांगता येतातच असे नाही. बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाची आज्ञावली लिहिली. नियम लिहायचे, यंत्राने त्यांवरून नवे पलटे तयार करायचे, आणि ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद म्हणणार, हे बरोबर, हे चूक. चूक निघाली की नियम बदलायचा. ॲपलच्या छोट्या संगणकावर हे चाले, त्यामुळे यंत्र उचलून वादकाच्या घरी नेता येत असे. विद्वानाने कलावंताची परीक्षा घ्यावी ही नेहमीची रीत. इथे यंत्रच उस्तादापुढे परीक्षेला बसले होते. पुढे उदाहरणांवरून नियम आपणच शोधणारी आज्ञावलीही त्यांनी केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘कवाइद’ शब्द होतो. उर्दूत कवाइद म्हणजे व्याकरण. आपली शाळेतली कवाईत आणि कचेरीतला कायदा ही त्याच अरबी घराण्यातली भावंडे.

पण मला धरून ठेवले ते पुढच्या भागाने. बोल प्रोसेसर ॲपलच्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रांसाठी नव्याने लिहावा लागला. मग ॲपलने यंत्राचे काळीज बदलले, १९९४ साली एकदा आणि २००६ साली पुन्हा. दर खेपेला जुनी आज्ञावली लंगडी होत गेली. गिरणीवाल्याने जाते बदलले तर दळण बिघडत नाही. संगणकात मात्र जाते बदलले की दळणच उंबऱ्यावर अडते. हजारो उत्तम प्रोग्रॅम असे मेले आहेत, आणि त्यांतले बहुतेक कुलूपबंद पेटीत मेले, म्हणून त्यांचे प्रेतही कुणाला मिळाले नाही. बोल प्रोसेसर वाचला, कारण २००० नंतरच्या दशकात त्याची मूळ आज्ञावली उघडी करण्यात आली आणि अँथनी कोझार यांनी ती सांभाळली. आणि २०२०च्या सुमारास, सत्तरीच्या घरात, बेल स्वतः आपल्या जुन्या आज्ञावलीकडे परतले. नव्या यंत्रांवर चालेल असा तिचा तिसरा अवतार ते आणि कोझार घडवू लागले. तो कुणालाही उघडून पाहता येतो. मीही पाहिला. सी भाषेतल्या त्या ओळी वाचताना पहिल्या दिवशी मला निम्मेही कळले नाही. पण कुणी अडवत नव्हते, कुणी करार पुढे करीत नव्हते. पंचवीस वर्षांत प्रथमच मी दुसऱ्याची आज्ञावली चोरटेपणाची भावना न ठेवता वाचत होतो.

माझे स्वतःचे परतणे याआधीच, २०१८ साली, सुरू झाले होते आणि ते फारच लहान दारातून झाले. भीमनगरच्या ओव्या ऐकून त्या उतरवून घ्याव्यात असे मला वाटले. आईला सोबत बसवले, कारण कितीतरी शब्द तिलाच कळत. मी टंकित करी आणि पडद्यावर शब्दांखाली तांबड्या नागमोडी रेघा उमटत. यंत्राच्या मते आईचे निम्मे शब्द चुकीचे होते. आई म्हणाली, “त्येला काय कळतंय? त्यानं कधी दळलंय का?” मला मात्र प्रश्न पडला की या रेघा ओढतो कोण.

त्या ओढतो ‘हनस्पेल’. लास्लो नेमेत या हंगेरियन प्रोग्रॅमरने आपल्या भाषेसाठी तो केला. हंगेरियनमध्येही आपल्यासारखेच शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय चिकटतात, आणि इंग्रजीसाठी बनलेली साधने तिथे लुळी पडत. लिबरऑफिस, फायरफॉक्स अशा अनेक आज्ञावलींत आज तोच बसलेला आहे. त्याच्या मराठी कामाच्या दोन फायली असतात. एकीत शब्द, दुसरीत त्यांना प्रत्यय लागताना काय होते त्याचे नियम. दोन्ही उघड्या. चूक दिसली तर दुरुस्ती पाठवा, असे तिथे म्हटलेलेच असते. वय, पदवी, शेवटची नोकरी कधी सोडली, यांतले काहीही विचारलेले नव्हते. नोकरीच्या अर्जात सतरा वर्षांची जी पोकळी मला कधीच भरता आली नसती, ती इथे कुणाच्या लक्षातच येणार नव्हती.

मी उत्साहाने कामाला लागलो. जात्याचे शब्द, मग ऊसतोडीचे: कोयता, मोळी, फड, वाढे, मुकादम, उचल. नुसता शब्द घालून भागत नाही. मराठीत ‘कोयता’ला प्रत्यय लागला की ‘कोयत्याने’ होते, ‘मुकादम’चे ‘मुकादमाला’. मी नियमही लिहिला: शेवटी दीर्घ ‘ई’ असेल तर तिच्या जागी ‘या’ जोडून प्रत्यय लावावा. पाणी, पाण्याला. लोणी, लोण्याला. माळी, माळ्याला. छान बसले, असे मानून पाठवून दिले.

दोन दिवसांत उत्तर आले. लिहिणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा असावा. तो अदबीने म्हणत होता, सर, तुमच्या नियमाने ‘मोळ्याला’ आणि ‘नद्याला’ हे शब्दही बरोबर ठरतात. मी डोक्याला हात लावला. मोळी आणि नदी स्त्रीलिंगी; त्यांचे ‘मोळीला’, ‘नदीला’ होते. ही गोष्ट आमच्या गावातले चार वर्षांचे पोर चुकत नाही, आणि मी व्याकरणाचा नियम म्हणून चुकीची गोष्ट पाठवून दिली होती. उस्तादांना आपल्या हातातला नियम सांगता येत नव्हता म्हणतात, त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला. मी शब्दांचे गट वेगळे केले आणि पुन्हा पाठवले. पुन्हा परत आले. या वेळी अनेकवचन राहिले होते. तिसऱ्या खेपेला स्वीकारले गेले. सारे मिळून दोनशेच्या आत शब्द आणि अकरा ओळींचे नियम. पण त्या ओळींपुढे माझे नाव होते, तारीख होती. कंपनीतल्या सात वर्षांत हे कधी घडले नव्हते.

या नावाबद्दल थोडे बोलले पाहिजे. ओवी ही बायकांची ओपन सोर्स आज्ञावलीच आहे, असे कुणी म्हणेल. एकीने म्हटलेली दुसरीने घ्यावी, आपल्या भावाचे नाव घालावे, एखादी ओळ फिरवावी, लेकीला द्यावी. तुलना सुरेख आहे, पण एका ठिकाणी ती लंगडी पडते. आज्ञावलीतली प्रत्येक ओळ कुणी कधी बदलली याची नोंद राहते. त्यासाठी टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली ‘गिट’ नावाचे साधन तयार केले. ओवीला अशी नोंदवही नव्हती. पिढ्यान् पिढ्या बायकांनी रचले आणि ते निनावी लोकगीत ठरले. हेमाताई आणि पॉइत्व्हाँ यांच्या संग्रहाचे मोठेपण मला यात दिसते, की तिथे ओवीबरोबर म्हणणारीचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. एक लाख ओव्या, आणि त्यांच्यापुढे माणसे. ज्यांचे नाव रेशनकार्डाखेरीज कुठे लिहिले गेले नसेल अशा बायका तिथे कर्त्या म्हणून उभ्या आहेत.

सगळेच गोड आहे असे नाही. हे काम विनामोबदला आहे आणि त्याचा लाभ मोठ्या कंपन्या आपापल्या वस्तूंत बसवून घेतात. दुकान चालत होते म्हणून मला रात्रीचे दोन तास देता आले. ज्याला दुसऱ्या दिवशी फडावर जायचे आहे त्याने हे कधी करायचे? ऊसतोडीचे शब्द मी घातले, तोडणाऱ्याने नव्हे. हे मला खटकते, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. एवढेच केले, की दुकानात येणाऱ्या मुकादमांना आणि गडीमाणसांना विचारून शब्द लिहून घ्यायची वही ठेवली. ज्याने शब्द दिला त्याचे नाव पुढे लिहितो. हसतात, पण देतात.

गेल्या दिवाळीत तोडीला निघालेली एक बाई मिश्रखताचे मागचे पैसे चुकते करायला आली होती. वही पाहून तिने विचारले, यात काय लिहिता? मी सांगितले. तिने थोडा विचार केला आणि मोळी बांधायच्या वेगवेगळ्या तऱ्हांना त्यांच्या टोळीत काय म्हणतात ते चार शब्द सांगितले. चारही मला नवे होते. त्यांतल्या दोघांचे लिंग काय धरावे हे मी विचारायचे विसरलो. टोळी कर्नाटकात गेली आहे, चैत्रात परतेल. तोवर त्या दोन शब्दांचे नियम लिहायचे राहिले आहेत.